लेबल छापणारा वजनकाटा : इंदूरच्या एका लहान दुकानातील वापराचे परीक्षण

मोठ्या मॉलच्या भाजी विभागात पिशवी काट्यावर ठेवली की तेथील कर्मचारी एक कळ दाबतो आणि मालाचे नाव, वजन, दर, रक्कम, तारीख व बारकोड छापलेली चिठ्ठी बाहेर येते, हे शहरातील बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. तोच लेबल छापणारा वजनकाटा आता लहान दुकानदारांच्याही आवाक्यात आला आहे. इंदुरातील रामबाग भागात आमच्या कुटुंबाचे मसाले, भाजण्या आणि फराळाच्या पदार्थांचे छोटे दुकान आहे आणि तेथे हा काटा गेल्या गणेशोत्सवापासून रोज वापरला जातो. दिवाळीची गर्दी, माळव्याचा उन्हाळा आणि पावसाळ्यातली दमट हवा या सर्वांतून तो गेला असल्यामुळे त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण वजन घेणारा लोडसेल, छपाईचे थर्मल हेड, कळफलक आणि मालाची यादी साठवणारी स्मृती हे भाग या वर्गातील सर्वच यंत्रांत जवळपास सारखे असतात आणि खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्नही सारखेच असतात.

यंत्राकडे वळण्यापूर्वी दुकानाची स्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण हा काटा कशासाठी घ्यावा याचे उत्तर तिच्यातच आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची, चकलीची आणि उपवासाची भाजणी, लसणीची चटणी, पातळ पोह्यांचा चिवडा, कडबोळी आणि इंदुरातले दुकान असल्यामुळे पोह्यांवर भुरभुरायचे जीरावन, एवढाच आमचा माल आहे. अख्खे मसाले सियागंजातून आणि डाळी-धान्य छावणीच्या मंडीतून येते. निवडणे, भाजणे, दळणे आणि तळणे घरी होते. आमची स्पर्धा एका बाजूला चकचकीत पाकिटांतील नामांकित मसाल्यांशी आहे आणि दुसऱ्या बाजूला काही मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या ॲपशी आहे. किमतीत, पाकिटाच्या देखणेपणात किंवा पोहोचवण्याच्या वेगात आम्ही त्यांपैकी कोणाचीच बरोबरी करू शकत नाही. मात्र कारखान्यातून निघालेले पाकीट गोदाम, वितरक आणि दुकानाचे फडताळ असा प्रवास करत गिऱ्हाइकाच्या हाती पडते, तर आमच्या दुकानातील गोडा मसाला साधारणपणे त्याच आठवड्यात भाजून दळलेला असतो. धणे, दगडफूल, नागकेशर यांचा वास दळल्यानंतर दिवसागणिक उडत जातो आणि तळलेल्या पदार्थातील तेल हवेच्या संपर्काने हळूहळू खवट होते, म्हणून हा फरक केवळ सांगण्यापुरता नसून जिभेला कळणारा आहे.

अडचण अशी होती की हा फरक फक्त तोंडाने सांगता येत असे. “काकू, परवाच दळला आहे,” हे वाक्य प्रत्येक दुकानदार म्हणतो, खरे बोलणाराही आणि न बोलणाराही, त्यामुळे गिऱ्हाइकाने आमच्यावर अधिक विश्वास ठेवावा याला कोणतेच कारण उरत नव्हते. जुनी गिऱ्हाइके ओळखीवर येत राहिली; नव्या वसाहतींतून येणाऱ्या, बहुधा हिंदी बोलणाऱ्या आणि भाजणी पहिल्यांदाच घेणाऱ्या कुटुंबांपुढे मात्र आमची पुडी आणि इतर कोणाचीही पुडी यांत दिसण्यासारखा काहीच भेद नव्हता.

या काट्याने तो भेद छापून दिला. प्रत्येक मालाला यंत्रात एक क्रमांक द्यावा लागतो, त्याला विक्रेते पीएलयू म्हणतात. त्या क्रमांकाखाली मालाचे नाव, दर, टिकण्याचे दिवस आणि काही मोकळ्या ओळी साठवता येतात. पॅकिंगची तारीख यंत्र स्वतःच टाकते आणि टिकण्याचे दिवस मोजून शेवटची तारीखही स्वतःच काढते. बहुतेक दुकानदार मोकळ्या ओळींत पत्ता किंवा “धन्यवाद, पुन्हा या” असे काही लिहितात. आम्ही तेथे दळल्याची तारीख आणि तळलेल्या मालावर घाण्याची तारीख लिहू लागलो. पॅकिंगची तारीख आणि दळल्याची तारीख यांत मोठे अंतर असू शकते; डब्यात पंधरा दिवस पडलेला मसाला आज पुडीत भरला तरी त्यावर आजचीच पॅकिंगची तारीख येते आणि त्यात बेकायदा काही नसते. दुसरी तारीख छापली की ही पळवाट आपल्या हातानेच बंद होते. माझ्या मते या यंत्राचे सर्वांत मोलाचे अंग हेच आहे, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मात्र त्याचा उल्लेखही नसतो. तेथे वेग, स्मृती आणि वायफाय यांचीच वर्णने असतात. यंत्र कोणीही विकत आणू शकतो आणि मोठ्या दुकानांनी ते कधीच आणले आहे. पण देशभर माल पाठवणाऱ्या कंपनीला आपल्या पाकिटावर दोन दिवसांपूर्वीची तारीख दाखवणे शक्य नाही, आणि लहान दुकानदाराला ते सहज शक्य आहे.

या तारखेचा परिणाम आधी आमच्यावरच झाला, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. गिऱ्हाईक तारीख वाचू लागले की ते मागच्या ओळीतील पुडी उचलते, जसे आपण दुधाची पिशवी घेताना करतो. त्यामुळे चार दिवसांपूर्वी दळलेला मसाला उत्तम स्थितीत असूनही कालच्या मसाल्यापुढे मागे पडू लागला. एकाच वेळी मोठा घाणा काढून महिनाभर विकण्याची जुनी पद्धत त्यामुळे चालेनाशी झाली. आता आम्ही कमी माल अधिक वेळा भाजतो. यात इंधन आणि मनुष्यबळ थोडे जास्त लागते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. परंतु माल जुना होऊन बाजूला काढावा लागण्याचे प्रमाण दिसण्याइतके घटले आहे आणि भांडवलही कमी अडकते. जो दुकानदार घाण्यांचे वेळापत्रक बदलण्यास तयार नाही, त्याने दळल्याची तारीख छापण्याच्या वाटेला जाऊ नये. ती तारीख त्यालाच गोत्यात आणील.

वजनाच्या अचूकतेविषयी थोडे तांत्रिक लिहिणे भाग आहे, कारण खरेदी करताना याच ठिकाणी फसगत होते. काट्याच्या पट्टीवर कमाल क्षमता, किमान क्षमता आणि ‘ई’ या अक्षरापुढे पडताळणीचा सर्वांत लहान भाग, म्हणजे काट्याचा आकडा साधारणपणे ज्या टप्प्याने बदलतो तो, लिहिलेला असतो. दुकानातील काटे सामान्यतः तिसऱ्या वर्गाचे असतात आणि त्या वर्गात किमान वजन या लहान भागाच्या २० पट धरले जाते. म्हणजे ३० किलोच्या काट्यावर ‘ई’ ५ ग्रॅम असेल, तर १०० ग्रॅमच्या खालचे वजन त्यावर करणे योग्य नाही. ५० ग्रॅमची पुडी अशा काट्यावर तोलली तर केवळ आकडा पाच ग्रॅमच्या टप्प्यावर आणताना अडीच ग्रॅमचा फरक राहू शकतो आणि तो मालाच्या पाच टक्के होतो. भाजणीत हा फरक खपून जाईल. केशर-वेलदोड्यासारख्या मालात तो ना गिऱ्हाइकाला परवडेल ना दुकानदाराला. विक्रेते ‘मोठी क्षमता’ हा गुण म्हणून सांगतात, परंतु मसाल्याच्या दुकानाला मोठ्या क्षमतेचा काटा बहुतेक वेळा गैरसोयीचाच ठरतो. १५ किलोपर्यंत एक टप्पा आणि त्यापुढे दुसरा टप्पा असलेले दुहेरी काटे मिळतात, पण त्यांतही खालचा टप्पा किती ग्रॅमचा आहे हे पट्टीवर वाचूनच पैसे द्यावेत.

काटा बसवताना त्याचे समायोजन दुकानातच करून घ्यावे. गुरुत्वाकर्षण अक्षांश आणि उंचीप्रमाणे किंचित बदलते; इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, आणि दिल्लीसारख्या उत्तरेकडील शहरात जुळवलेला काटा तसाच येथे आणून ठेवला तर १० किलोमागे सुमारे ५ ग्रॅमचा फरक पडू शकतो. शिवाय पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाय फिरवून काटा समतल केला पाहिजे आणि पुन्हा कोणी तो सरकवू नये यासाठी त्याची जागा कायमची ठरवली पाहिजे. विद्युत काट्याचे मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का, दर १२ महिन्यांनी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे त्याला सगळे ‘नापतौलचा शिक्का’ म्हणतात. नवा काटा शिक्क्यासह मिळतो की शिक्का आपल्याला करून घ्यावा लागतो, हे बिल करण्यापूर्वीच विचारावे.

बरणीचे किंवा पिशवीचे वजन वजा करणारी कळ बहुतेक विद्युत काट्यांना असते. या यंत्रात ते वजन मालाच्या क्रमांकाखाली कायमचे साठवता येते, आणि ही सोय वरवर लहान दिसली तरी प्रामाणिक व्यापाराच्या दृष्टीने मोठी आहे. लसणीची चटणी आम्ही काचेच्या बरणीत देतो; तिचे वजन प्रत्येक वेळी आठवणीने वजा करण्याची गरज आता राहिलेली नाही, आणि काउंटरवर कोणीही बसलेले असले तरी लेबलावर निव्वळ वजनच येते.

आता लेबलाच्या कागदाविषयी, कारण या यंत्राची खरी परीक्षा तेथेच होते. अशा काट्यांत शाई नसते. कागदावरच्या उष्णता-संवेदी थराला हेडची उष्णता लागली की तो काळा पडतो. या साध्या थर्मल कागदाचे दोन शत्रू आहेत, ऊन आणि तेल, आणि इंदूरच्या फराळाच्या दुकानात दोन्ही भरपूर आहेत. चिवड्याच्या पाकिटावर तेलकट बोट लागले की काही दिवसांत त्या जागची अक्षरे फिकी होतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुकानाच्या पुढच्या काचेत ठेवलेल्या पुड्यांची लेबले करडी पडतात. तारीख हेच ज्याचे भांडवल आहे, त्या लेबलावरून तारीखच उडाली तर सगळा उपक्रम निरर्थक ठरतो. यावर उपाय म्हणजे वरून संरक्षक थर दिलेला कागद, ज्याला बाजारात टॉप कोटेड म्हणतात. तो महाग असतो, पण तळलेल्या मालासाठी दुसरा पर्याय नाही. सुक्या मसाल्यांना साधा कागद पुरतो. रोल बदलण्याचा त्रास टाळण्यासाठी आम्ही सकाळी मसाले आणि दुपारनंतर फराळ अशी पॅकिंगची वेळच वेगळी केली आहे. महिन्यांनंतरही अक्षर टिकले पाहिजे अशी ज्यांची गरज आहे, त्यांनी शाईच्या रिबनने छापणारा स्वतंत्र प्रिंटर घ्यावा. काट्यातील छपाई त्या कामासाठी नाही.

लेबलावर काय असावे हे केवळ दुकानदाराच्या मर्जीवर नसते. गिऱ्हाइकासमोर तोलून बांधलेला सुटा माल वेगळा आणि गिऱ्हाईक हजर नसताना आधीच बांधून ठेवलेला माल वेगळा. दुसऱ्या प्रकाराला बंद पाकिटांचे नियम लागतात. तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याची किंवा पॅकिंगची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, घटक पदार्थ, शाकाहारी मालाची हिरवी खूण आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक इतके सगळे त्या छोट्या चिठ्ठीवर बसवावे लागते. १ जानेवारी २०२२ पासून तो १४ अंकी क्रमांक बिलावरही हवा असतो. सर्वांत लहान आकाराचे लेबल निवडले की अक्षरे इतकी बारीक होतात की वयस्कर गिऱ्हाइकांना ती वाचताच येत नाहीत, म्हणून कागदात काटकसर करू नये. घटक पदार्थ आणि पत्ता यांसारखा न बदलणारा मजकूर पाकिटाच्या मागे स्वतंत्र छापून घ्यावा आणि काट्याला फक्त बदलता मजकूर छापू द्यावा, असे आम्ही ठरवले आणि लेबल एकदम सुटसुटीत झाले.

या बदलत्या मजकुराचा लाभ गेल्या वर्षी ठळकपणे दिसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बंद पाकिटातील नमकीनवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि तोच नवरात्राचा पहिला दिवस होता. ज्यांच्याकडे छापील किमतीची पाकिटे भरून ठेवलेली होती त्यांच्यापुढे ऐन सणाच्या तोंडावर जुन्या किमतीचा प्रश्न उभा राहिला. आम्ही यंत्रातील चिवडा आणि कडबोळीचे दर बदलले आणि त्या सकाळपासून नव्या किमतीची लेबले निघू लागली. शेजारच्या दुकानांपेक्षा आधी उतरलेला भाव गिऱ्हाइकांनी लगेच टिपला.

मराठी वाचकांसाठी देवनागरीचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा. कायद्याने आवश्यक असलेला मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो आणि त्याशिवाय इतर भाषेतही लिहिता येतो, म्हणून मध्य प्रदेशात मालाचे नाव मराठीत छापण्यास काहीच आडकाठी नाही. अडथळा यंत्राचा असतो. अनेक काट्यांच्या स्मृतीत देवनागरी अक्षरे नसतात, आणि काहींत असली तरी जोडाक्षरे तुटतात व वेलांट्या भलतीकडे जातात. त्यावर उपाय म्हणून मालाचे नाव संगणकावर लिहून त्याचे चित्र यंत्रात भरता येते, पण ते प्रत्येक मालासाठी वेगळे करावे लागते आणि किती चित्रे मावतात याला मर्यादा असते. खरेदीपूर्वी विक्रेत्यासमोर ‘थालिपिठाची भाजणी’ आणि ‘कृष्णा काकूंची चटणी’ अशी जोडाक्षरे व मात्रा असलेली नावे छापून पाहावीत. तेथे अक्षर नीट आले तरच पुढचे बोलावे. आमच्या हिंदी भाषक गिऱ्हाइकांपैकी अनेकांनी मेतकूट हे नाव लेबलावर पहिल्यांदा वाचले आणि ते काय असते असे विचारले, आणि त्या विचारण्यातूनच त्याची विक्री सुरू झाली, म्हणून माझा या गोष्टीविषयी आग्रह आहे.

बारकोडाचा उपयोग आमच्यासारख्या दुकानात मर्यादित आहे, तरीही तो समजून घ्यावा. काटा १३ अंकांचा जो कोड छापतो, त्याची सुरुवात २० ते २९ यांपैकी एखाद्या आकड्याने होते. हे आकडे दुकानांतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. पुढे मालाचा क्रमांक, वजन किंवा रक्कम आणि शेवटी तपासणीचा एक अंक असतो. त्यामुळे बिल करताना स्कॅनर फिरवला की वजनासह रक्कम येते आणि संध्याकाळच्या गर्दीत तोंडी हिशेबाचे घोळ होत नाहीत. मात्र हा कोड आपल्याच दुकानात चालतो. दुसऱ्या दुकानातून किंवा ॲपवरून माल विकायचा असेल तर बहुतेक वेळा बारकोडांचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून ८९० ने सुरू होणारा क्रमांक घ्यावा लागतो. लेबलावर बारकोड आहे म्हणजे माल कोठेही विकता येईल, असे समजून चालू नये.

विक्रीचा अहवाल हे या यंत्राचे दुसरे मोठे बलस्थान आहे. दिवसाच्या शेवटी कोणता माल किती वजनाने आणि कोणत्या वेळी तोलला गेला याची यादी पेन ड्राइव्हवर घेता येते. एकादशीच्या आधी उपवासाची भाजणी खपते हे आम्हाला माहीत होतेच, त्यासाठी यंत्राची गरज नव्हती. पण ती आदल्या संध्याकाळी नव्हे तर दोन दिवस आधीपासून खपते, जीरावनाची मागणी रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेपूर्वीच होऊन जाते, आणि गोड्या मसाल्यात मोठ्या पुड्यांपेक्षा लहान पुड्या वारंवार नेणारी कुटुंबे अधिक आहेत, हे अहवालातून स्पष्ट झाले. त्यानुसार घाण्यांचे दिवस ठरवले जातात, आणि छापलेली तारीख ताजी राहण्यामागे हा अहवालच आहे. अहवाल पाहण्याची सवय नसेल तर अर्धे यंत्र वाया गेले असे समजावे.

देखभालीत फार काही नाही. छपाईचे हेड अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागते, नाहीतर अक्षरांत पांढऱ्या उभ्या रेघा येतात. दळणाच्या खोलीत काटा ठेवू नये, कारण पिठाची भुकटी आत जाते. काट्यावर पोते आपटू नये. लोडसेल एकदा वाकला की दुरुस्ती महाग पडते. वीज गेल्यावर बॅटरीवर वजन होत राहते, पण छपाईला जास्त वीज लागत असल्यामुळे बॅटरी लवकर उतरते, म्हणून इन्व्हर्टरची जोडणी हवी. सेवेचा अनुभव मात्र विक्रेत्यागणिक बदलतो, आणि शहरातच माणूस व सुटे भाग असलेला विक्रेता थोडा महाग असला तरी त्याच्याकडूनच घ्यावा.

किमतीच्या बाजूने हा काटा साध्या काट्याच्या अनेक पटींनी महाग आहे, हे खरे. ज्यांचा सगळा माल ठरलेल्या २०० किंवा ५०० ग्रॅमच्या पाकिटांतच जातो, त्यांना साधा काटा आणि स्वतंत्र लेबल प्रिंटर एवढे पुरे आहे. ज्यांचा माल महिनोन्‌महिने न बदलता टिकतो, त्यांनाही ताज्या तारखेचा विशेष लाभ नाही. मिठाई, फरसाण, मसाले, पापड-कुरडया, घरगुती पीठ, सुकामेवा असा बदलत्या वजनाचा आणि ताजेपणावर चालणारा व्यवसाय असेल, तर मात्र मी हा काटा घेण्याचा सल्ला देईन, आणि तोही दिवाळीच्या तोंडावर न घेता श्रावणाच्या आधी घेण्याचा, म्हणजे सर्व मालाची नावे, दर आणि बरण्यांची वजने यंत्रात शांतपणे भरता येतील आणि काउंटरवरच्या मुलांचा हात गर्दीपूर्वी बसेल. आमच्याकडे आता ५० ग्रॅमच्या पुड्यांसाठी १ ग्रॅमचा टप्पा असलेला दुसरा लहान काटा घ्यायचे ठरले आहे, आणि तो याच यंत्राच्या मालाच्या यादीशी जोडता येईल की सगळी नावे पुन्हा भरावी लागतील, याची चौकशी चालू आहे.